तोळाभर शिसं

दत्तात्रय रिसबूडने अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात जाणूनबुजून एकही जीव मारलेला नाही. घरात झुरळ निघालं तर तो त्याच्यावर काचेचा पेला पालथा घालतो, खालून सुपरमार्केटचं जाहिरातपत्रक सरकवतो आणि झुरळाला मागच्या कुंपणापर्यंत पोचवून येतो. ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीत उन्हाळ्यात झुरळं बरीच निघतात, त्यामुळे कुंपणापर्यंत त्याची पायवाट पडली आहे. असा हा माणूस गेली सहा वर्षं दर शनिवारी दुपारी गावाबाहेरच्या पिस्तूल क्लबात जातो आणि रिव्हॉल्व्हरने कोंबड्या, डुकरं, टर्की आणि मेंढे पाडतो.

हे प्राणी जाड पोलादी पत्र्याचे असतात. त्याच्या बायकोला, शुभदाला, ही गोष्ट पुण्याच्या प्रत्येक नातेवाइकाला नव्याने सांगावी लागते, आणि सांगून झाल्यावरही फोनच्या पलीकडून 'पण मारतो कशाला?' असं विचारतात. कोंबड्या पन्नास मीटरवर उभ्या करतात, डुकरं शंभरावर, टर्की दीडशेवर आणि मेंढे दोनशेवर. गोळी लागून प्राणी आडवा झाला तर गुण. नुसती लागली आणि तो उभाच राहिला तर शून्य.

दत्तात्रय सोन्याच्या खाणीत मेटलर्जिस्ट आहे. एकोणीस वर्षांपूर्वी तो पुण्याहून बायको आणि दहा वर्षांच्या मुलीसह इथे आला, तेव्हा दोन वर्षं काढून पर्थला जायचं ठरलं होतं. शुभदा अजूनही कोणी विचारलं तर तसंच सांगते. ती गावाच्या लायब्ररीत काम करते. तिला काळजी करायला कारण लागत नाही, पण कारण मिळालं तर ती ते वाया घालवत नाही. क्लबाचं कारण तिला खाणीतल्या बॅरी नावाच्या फिटरने मिळवून दिलं. 'डॅट, शनिवारी काय करतोस, मेट?' असं त्याने दत्तात्रयला एकदा सहज विचारलं होतं.

मग परवान्याचे महिने सुरू झाले. दाखले आले, फॉर्म आले, जमिनीच्या काँक्रीटला बोल्टने आवळलेली तिजोरी आली. ती तपासायला एक पोलीस बाई आली. तिने तिजोरी दोन्ही हातांनी हलवून पाहिली. ती हलली नाही.

"बाहेरून कोणी आत येणार नाही, एवढं बघते मी," ती शुभदाला म्हणाली.

"आणि आतून काही बाहेर आलं तर?" शुभदाने विचारलं.

पोलीस बाईने चहा संपवला आणि सही केली.

दत्तात्रयने पहिली दोन वर्षं दुकानातली काडतुसं वापरली. कोंबड्या पडल्या, डुकरं पडली, टर्कीही अधूनमधून पडत. मग एका शनिवारी तो घरी आला, बूट काढले आणि जेवणाच्या टेबलाशी बसून राहिला.

"काय झालं?" शुभदा म्हणाली. तिच्या मनात तोवर अपघात, पोलीस आणि हार्ट अटॅक असे तीन पर्याय झाले होते.

"मेंढ्याला लागली. बरोबर खांद्यात. ठण्ण आवाज आला, सगळ्यांनी ऐकला."

"मग?"

"पडला नाही. हलला. आणि परत सरळ उभा राहिला."

या माणसाला बॉसने दोनदा प्रमोशन नाकारलं होतं, तेव्हा तो शांत होता. मेंढ्याचं मात्र त्याने मनाला लावून घेतलं. पुढचे आठ दिवस त्याने वाचन केलं. निष्कर्ष असा निघाला की दुकानातली गोळी हलकी आहे. दोनशे मीटर जाईपर्यंत तिच्यातला जीव जातो. गोळी जड हवी, आणि तेवढी जड गोळी हवी तर ती आपण ओतायची.

मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये मग एक विजेची कढई आली, एक लोखंडी साचा आला आणि टायरच्या दुकानातून जुनी शिशाची वजनं आली, ती चाकाचा तोल साधायला लावतात तसली. शिसं वितळवायचं, वरची मळी काढायची, साचा नीट भरावा म्हणून थोडं कथील घालायचं आणि पळीने ओतायचं. थंड झाली की गोळी जुन्या टॉवेलवर पाडायची. मग दत्तात्रय चष्मा कपाळावर चढवून एकेक गोळी बघतो. कड बोथट असेल, पोटात सुरकुती असेल, तर ती परत कढईत जाते. एका बैठकीत तो शंभर ओततो आणि तीस परत वितळवतो. गोळीचं वजन एकशे ऐंशी ग्रेन. पहिली चांगली गोळी त्याने आत आणून ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, "एकशे ऐंशी ग्रेन म्हणजे किती, सांग."

"मला काय माहीत?"

"एक तोळा. जुना तोळा, आपल्या आजोबांच्या वेळचा. बरोबर तेवढाच."

शुभदाने ती काळपट, बुटकी वस्तू पाहिली. "या गावात तोळ्याने सोनं निघतं," ती म्हणाली. "तुला शिसं सापडलं."

काडतूस भरायच्या वेळी तो शेडचं दार लावतो, फोन बाहेर ठेवतो आणि कोणाशी बोलत नाही. एका काडतुसात दारू दोनदा पडली तर रिव्हॉल्व्हर फुटतो, हे त्यानेच शुभदाला एकदा सांगितलं होतं. नंतर त्याला आपण हे का सांगितलं असं बऱ्याचदा वाटलं. तो प्रत्येक माप तोलतो. ओततो तेव्हा पंखा चालू, तोंडाला मास्क, हातात मोजे. शेडचे कपडे वेगळे, त्यांची बादली वेगळी. हाताला शिशासाठी मिळतो तो खास साबण. तरुणपणी भारतात तो एका शिशाच्या खाणीच्या लॅबमध्ये होता, त्यामुळे ही शिस्त त्याच्या अंगात भिनलेली. दरवर्षी तो रक्तातलं शिसं तपासून घेतो आणि आकडा फ्रिजवरच्या कागदावर लिहितो. तीन, तीन, चार, तीन.

आणि मेंढे पडू लागले. क्लबात 'डॅटची गोळी' असं नाव झालं. त्याहून जास्त नाव त्याच्या पुंगळ्यांचं झालं. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी धुऊन परत परत वापरतात. बाकीच्यांच्या पुंगळ्या काळवंडलेल्या असत, दत्तात्रयच्या लखलखीत. तो शनिवारी संध्याकाळी त्या बादलीत, भांड्यांचा साबण आणि चिमूटभर लिंबाचं सत घातलेल्या पाण्यात भिजत घाली. रविवारी सकाळी दोन तास फिरून यायचा, तोवर शुभदाने त्या काढून अंगणात टॉवेलवर वाळत घातलेल्या असत. बॅरीने कृती विचारली. दत्तात्रयने ती क्लबाच्या वार्तापत्रात छापायला दिली. बॅरीनेच तिला 'डॅट्स डिप' असं नाव दिलं. कोणाच्याच पुंगळ्या तितक्या चमकल्या नाहीत. "भिजवायचा वेळ चुकत असेल," दत्तात्रय सगळ्यांना धीराने सांगे.

फेब्रुवारीत रुचाचा फोन आला. रुचा त्यांची एकुलती मुलगी, मेलबर्नला फिजिओथेरपिस्ट आहे, डँडेनॉन्ग या उपनगराच्या पुढे नवऱ्यासोबत राहते. जुलैत बाळ होणार होतं. निमिषची, म्हणजे जावयाची, आई चित्रलेखाबाई बाळंतपणाला पुण्याहून येणार होत्या. आणि सप्टेंबरमध्ये रुचा बाळाला घेऊन तीन महिने कालगुर्लीला.

"थ्री मन्थ्स, आई. फुल माहेरपण. मी काहीही करणार नाहीये," रुचा म्हणाली.

शुभदाने फोन ठेवला, दहा मिनिटं आनंदात घालवली आणि मग मागच्या खिडकीतून शेडकडे पाहिलं.

शुभदाने दत्तात्रयला एकोणीस वर्षांपूर्वी, इकडे येताना विमानातच, 'तू' म्हणायला सुरुवात केली होती. 'अहो' ती फक्त रागावली की काढते.

"अहो," ती रात्रीच्या जेवणाला म्हणाली. "शेड बंद."

"कोणती शेड?"

"आपल्याकडे किती आहेत? बाळ रांगायला लागेल."

"दोन महिन्यांचं बाळ रांगत नाही."

"शिशाला त्याने रांगावं लागत नाही. मी लायब्ररीत वाचलंय. लहान मुलाच्या मेंदूला थोडंसुद्धा चालत नाही. चित्रलेखाबाईंना कळलं तर त्या रुचाला मेलबर्नहून हलू देतील का? त्या पुण्यालाच घेऊन जातील तिला."

दत्तात्रयने भाताचा घास संपवला. त्याला तिचं म्हणणं खोटं वाटलं नाही, आणि तीच अडचण होती. मे महिन्यात पर्थला राज्य स्पर्धा होती आणि त्याच्या ऐंशी गोळ्या ओतून तयार होत्या.

"मोजू या," तो म्हणाला. "तू म्हणतेस घरात शिसं आहे. मी म्हणतो नाही. दोघांचं रक्त तपासू. तुझा आकडा पाचाच्या वर आला, तर कढई मी स्वतः बॅरीला देऊन टाकतो."

"आणि साचा?"

"साचाही."

तिने कबूल केलं. तिने त्याच दिवशी रुचालाही फोन करून सगळं सांगितलं: शेड, कढई, धूर, बाबांचा हट्ट. पुढचे तीन आठवडे ती रोज सांगत राहिली. "आय नो, आई," रुचा म्हणे. "आय नो."

रिपोर्ट आले. दत्तात्रयचा आकडा तीन होता.

शुभदाचा सतरा.

डॉक्टर तरुण आयरिश मुलगी होती. तिने रिपोर्ट दोनदा वाचला आणि नवरा-बायकोच्या चिठ्ठ्या लॅबने बदलल्या नाहीत ना, हे आधी फोनवर विचारून घेतलं. बदलल्या नव्हत्या. हा आकडा आरोग्य खात्याला कळवावा लागतो, असं म्हणून तिने फॉर्म उघडला.

"तुमचा छंद काय?"

"वाचन," शुभदा म्हणाली.

"आणि काम?"

"लायब्ररी."

डॉक्टरने दत्तात्रयकडे पाहिलं. त्याने आपला छंद सांगितला. डॉक्टरने तो लिहून घेतला, मग त्याचा तीन आणि तिचा सतरा यांच्याकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. मग तिने हळद विचारली, कुंकू विचारलं, काजळ, आयुर्वेदिक गोळ्या, भारतातून आणलेली मातीची भांडी. शुभदाने दुसऱ्या दिवशी सगळे मसाले डब्यांसकट नेऊन दिले. आठवडाभर घरात फोडणीत फक्त मोहरी होती. मसाले निर्दोष निघाले.

दत्तात्रयने वचन पाळलं. कढई आणि साचा बॅरीच्या गाडीत ठेवले. बॅरी म्हणाला, "कोणी मेलं का, मेट?" दत्तात्रय म्हणाला, "अजून नाही." पण त्याला चैन पडेना. शेड दोषी असती तर सतरा त्याचा यायला हवा होता. प्लँटमध्ये सोनं कुठे गळतंय ते तो ज्या पद्धतीने शोधतो, त्याच पद्धतीने तो घराला लागला. हार्डवेअरच्या दुकानात काड्या मिळतात. वस्तूवर घासल्या की शिसं असेल तर पिवळं टोक लाल होतं. त्याने दोन पाकिटं आणली, वहीत घराचा नकाशा काढला आणि शनिवारी सकाळी सुरुवात केली. शुभदा मागे मागे फिरत होती.

शेडचं दार, पिवळं. शेडच्या बाहेरची पायरी, पिवळी. स्वयंपाकघराचा ओटा, फ्रिजचं हँडल, रुचाची जुनी खोली, पिवळी. शुभदाचा चेहरा प्रत्येक पिवळ्या काडीला थोडा थोडा उतरत होता.

"तुला शिसं निघायला हवंय का?" दत्तात्रय म्हणाला.

"कुठे आहे ते कळायला हवंय. कुठेच नसेल तर मी ते कुठून काढलं?"

लाँड्रीतल्या बेसिनला काडी लावली. ती लाल झाली.

दत्तात्रयने नवी काडी घेतली. तीही लाल झाली. त्याने खाली वाकून पाहिलं. नळाजवळ काथ्याचा एक चोथा होता, भांडी घासायचा. काथ्यावर काडी नुसती टेकवली तर ती पाण्यात कुंकू पडावं तशी रंगली.

"हा कसला?"

"देवांच्या भांड्यांचा," शुभदा म्हणाली.

तो सरळ देवघराकडे गेला. समई, लाल. निरांजन, लाल. पितळी पंचपात्राच्या आतल्या बाजूला त्याने काडी फिरवली आणि बाहेर काढून तिच्यासमोर धरली.

शुभदा रोज सकाळी पूजा झाली की पंचपात्रातलं पळीभर तीर्थ घेते. कालगुर्लीच्या उन्हात तुळस तगत नाही, म्हणून ती त्यात सुपरमार्केटच्या बेसिलचं पान टाकते. दत्तात्रयचं नाव देवाचं असलं तरी देवघराशी त्याचं जाणंयेणं नाही. तो तीर्थ घेत नाही.

"शुभदा," तो म्हणाला. "देवांची भांडी तू कशाने घासतेस?"

"चिंचेने. आणखी कशाने घासणार पितळ?"

"आणि त्या काथ्याने आणखी काय घासतेस?"

शुभदाने पंचपात्र जागेवर ठेवलं. मग म्हणाली, "तुझ्या पुंगळ्या."

"माझ्या पुंगळ्या तर मी भिजत घालतो."

"घालतोस. सकाळी काळ्याच असतात."

दत्तात्रय देवघरासमोरच्या पाटावर बसला.

"दीडशे पितळी वस्तू घरात काळ्या पडलेल्या मला बघवत नाहीत," शुभदा म्हणाली. "देवांचं झालं की चिंच उरतेच. तू फिरायला गेलास की एकेक आतून-बाहेरून घासते. चार वर्षं झाली. आणि क्रम मी कधी चुकवला नाही. आधी देव, मग पुंगळ्या."

"आधी देव, मग पुंगळ्या, आणि पुढच्या रविवारी?"

"पुढच्या रविवारी परत आधी दे…" ती थांबली. काथ्या तोच होता.

मग त्याने तिला समजावून सांगितलं, प्लँटवरच्या नव्या मुलांना सांगतो तसं. काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणारी बारीक टोपी असते. तिच्यात शिशाचं संयुग असतं. ती उडाली की त्याची काजळी पुंगळीच्या आत बसते. ओतीव गोळीच्या शिशापेक्षा ही काजळी वाईट, कारण ती बारीक असते आणि आंबटात विरघळते. चिंच आंबट.

"म्हणजे मी," शुभदा म्हणाली.

"म्हणजे आपण. मेटलर्जिस्ट मी आहे. चार वर्षं मला वाटत होतं की भांड्यांच्या साबणाने पितळ एवढं चमकतं. ते मी छापूनही आणलं."

तिला थोडं हसू आलं. पण तिच्यासमोर रुचाला फोन करायचं काम होतं. तीन आठवडे तिने रोज बापावर खटला चालवला होता, आणि आता निकाल सांगायचा होता. तिने स्पीकर लावला नाही.

"रुचा, शिसं सापडलं. बाबांचं काही नाही. मी होते."

"आई, आर यू ओके? लाइक, हेल्थ-वाइज?"

"डॉक्टर म्हणाली, बंद केलं की आपोआप उतरेल. मला काही होत नाहीये. तू येशील ना?"

रुचा विचार करत होती, हे शुभदाला ऐकू येत होतं. "आई, आय वॉन्ट टु कम. पण बाळ असणार. तुझा आकडा पाचाच्या खाली आला, की मी तिकीट काढते. देन आय'ल नो की घरातलं खरंच गेलंय. डील?"

"आणि नाही आला तर?"

"मग निमिषच्या आई पुण्याला चल म्हणतायत."

शुभदाने डील केलं. अशा अटी ती स्वतः घालत आली होती, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती.

बेसिन उखडून नवं बसवलं. काथ्या, बादली आणि टॉवेल दोन पिशव्यांत बांधून गेले. पितळी भांडी दत्तात्रयने मोजे घालून पाच वेळा धुतली, प्रत्येक वेळी काडी लावली, आणि पिवळी आल्यावरही तीर्थासाठी स्टीलची वाटी ठेवली. देवांनी तक्रार केली नाही. क्लबाच्या वार्तापत्रात दोन ओळींची दुरुस्ती छापून आली: 'डॅट्स डिप कोणी वापरू नये. चमक माझ्या बायकोची होती.' त्यानंतर दोन जणांनी शुभदाला फोन करून ती पुंगळ्या घासायचं काम बाहेरून घेते का, असं विचारलं.

मे महिन्यात पर्थला तो काळ्या पुंगळ्या घेऊन गेला. या वेळी शुभदाही गेली, कारण घरी एकटं बसून काळजी करण्यापेक्षा तिथे बसून करणं सोपं होतं. ती कानांवर आवाज अडवणारे मफ घालून घडीच्या खुर्चीत बसली. दत्तात्रय लाल मातीवर आडवा झाला. पाचवा मेंढा. ठण्ण आवाज आला, मग बराच वेळ काही झालं नाही, मग मेंढा मागे कलंडला. "पडला का?" ती बॅरीला म्हणाली. बॅरी म्हणाला, "पडला. मेंढ्याला पुंगळीची चमक कुठून दिसणार, मेट." दत्तात्रय सातवा आला.

फ्रिजवरच्या कागदावर आता दोन ओळी होत्या. त्याची तीन, तीन, चार, तीन आणि आता परत तीन. तिची सतरा, मग जूनमध्ये नऊ. जुलैत मुलगा झाला, विहान. चित्रलेखाबाईंनी रोज फोटो पाठवले, प्रत्येक फोटोत बाळ त्यांच्याच मांडीवर. शुभदाने प्रत्येक फोटोला बदाम पाठवला आणि चिंच न घालता आमटी केली. तशी गरज नव्हती, पण तिला चिंचेकडे बघवत नव्हतं. ऑगस्टच्या शेवटी डॉक्टरने स्वतः फोन केला. चार.

"चार म्हणजे पाचाच्या खाली," शुभदा म्हणाली.

"हो," डॉक्टर म्हणाली. "चार नेहमीच पाचाच्या खाली असतात."

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रुचा पर्थमार्गे उतरली. कालगुर्लीच्या छोट्या विमानतळावर दत्तात्रयने बॅगा घेतल्या आणि शुभदाने बाळ घेतलं. घरी आल्यावर रुचाने बूट काढले, हात धुतले आणि पर्समधून एक पाकीट काढलं. त्यात पेन्सिलीएवढ्या काड्या होत्या.

"जस्ट इन केस, आई. डोन्ट माइंड."

तिने बेसिन तपासलं, समई तपासली, पाळण्याच्या कडा तपासल्या, शेडच्या दाराचा खालचा कोपरा तपासला, जो दत्तात्रयने नकाशात घेतलाच नव्हता. मग तिने सगळ्या काड्या ओळीने ओट्यावर मांडल्या आणि पाकिटावर लिहिलं होतं तितका वेळ, घड्याळ लावून, थांबली. सगळ्या पिवळ्या राहिल्या.

दत्तात्रयने वही काढून तो कोपरा नकाशात घातला. शुभदा बाळाला खांद्यावर घेऊन दारात उभी होती. मुलगी अगदी आपल्यावर गेली आहे, हे तिला त्या क्षणी स्पष्ट दिसलं, आणि गेल्या सात महिन्यांत पहिल्यांदाच तिला निश्चिंत वाटलं.

"झालं समाधान?" ती म्हणाली.

"हो," रुचा म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली. "आता वाढ."